लावते, खात नाही

भागूबाई गायकेच्या ठप्प्याचा नंबर सतरा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रबराचे सुटे भाग बनवणारी जी कंपनी आहे, तिथं असे ठप्पे पाच-सहा जणांकडे असतील. पण गाडीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या रबरी रिंगांच्या खोक्यावर निळ्या शाईत सतराचा आकडा उमटला, की तो खोका पुढं कुणी उघडून बघत नसे. कंपनीतले साहेब बघत नसत आणि माल घेणारं गिऱ्हाईकही बघत नसे. नऊ वर्षांत सतरा नंबरचा एक खोका परत आला नव्हता. भागूबाई हे स्वतः कुणाला सांगायची नाही. जी गोष्ट सगळ्या खात्याला पाठ आहे ती पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस एक तर म्हातारा झालेला असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो.

काम दिसायला सोपं. दिव्याखाली रिंग धरायची, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात तिला एक गिरकी द्यायची, चांगली असेल तर उजवीकडे ठेवायची, नसेल तर लाल डब्यात टाकायची. चीर, फुगा, कडेला राहिलेला रबराचा पापुद्रा, हे डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळावं लागतं, आणि ते काही शिकवून येत नाही. म्हणून भागूबाई ही दोन बोटं फार जपायची. मुकुंदवाडीतल्या तिच्या गल्लीत सगळ्या बायका तव्यावरची भाकरी हातानं उलटतात. ही उलथनं घ्यायची. शेजारणी हसल्या. सासू होती तोवर सासूनं टोमणे मारले, "आमची सून लई नाजूक, तिचे हात पोळत्यात!" भागूबाईनं उलथनं सोडलं नाही.

तीच गत मिश्रीची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना चोळायची. ही सवय तिला माहेरी, गंगापूरकडच्या खेड्यात, दहाव्या वर्षी आईच्या डबीतून लागली. बायका मिश्री अंगठ्याशेजारच्या बोटानं लावतात. भागूबाईनं कंपनीत लागल्या महिन्यात ते बोट बदललं. करंगळीनं मिश्री लावणारी अख्ख्या मुकुंदवाडीत ती एकटीच. कामाच्या बोटाला तंबाखूची राख नको, वास नको, हे तिचं तिनं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. कंपनी तिच्या घरात तेव्हाच येऊन बसली होती, पण भागूबाईनं हात धरून आणली म्हणून आली होती. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

गेल्या साली दसरा झाला आणि कंपनीत 'निरोगी कामगार अभियान' निघालं. ते चालवायला एचआरच्या प्रेरणा मॅडम. वय सव्वीस-सत्तावीस, नाशिककडच्या, बोलायला गोड, आणि मनानंही वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वरच्या ऑफिसातून इंग्रजीत आलेला फॉर्म त्यांनी एका दुपारी बसून मराठीत केला. तीन प्रश्न. तंबाखू खाता का? विडी-सिगारेट ओढता का? दारू पिता का? प्रत्येकापुढं हो आणि नाही असे दोन चौकोन. खाली एक ओळ, 'वरील माहिती खरी आहे', आणि सहीची जागा.

मोल्डिंग खात्यात मशीनवर असणाऱ्या नानासाहेबांनी तिन्ही ठिकाणी 'नाही' ठोकलं. त्यांच्या गालात सकाळी बसलेली तंबाखूची गोळी जेवणाच्या सुट्टीलाच बाहेर यायची. वर पुन्हा "आमच्या खानदानात कुणी शिवलं नाय" असं चार जणांना ऐकवून ते मशीनकडं गेले.

भागूबाईनं मात्र फॉर्म रिंगेसारखा फिरवून फिरवून वाचला. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचायची ती एकेक अक्षर. तंबाखू खाता का? तिच्या घरात तंबाखू खाणारा एकच, नवरा पुंडलिक. जाधववाडीच्या मार्केटात तो हमाली करायचा. चुना लावून मळायचा, गालात दाबायचा आणि दाराबाहेर पिचकारी मारायचा. त्यावरून तिनं त्याला पंचवीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. ती स्वतः कुठं खात होती? 'नाही.' ओढणं आणि पिणं तर लांबच राहिलं. 'नाही', 'नाही'. खाली ठसठशीत सही केली.

आता कुणाला वाटेल, बाई बनेल आहे. नाही हो. तंबाखू खातात, विडी ओढतात आणि मिश्री लावतात. कुंकू लावतात, काजळ लावतात, तशी मिश्री लावतात. कुंकू खाता का असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? जुन्या माणसांनी क्रियापदं काय उगीच वेगवेगळी केली?

पंधरा दिवसांनी प्रेरणा मॅडम कागदी पट्ट्यांचा डबा घेऊन आल्या. पट्टी जिभेखाली धरायची. थुंकीनं ओली झाली की दोन मिनिटांत तिच्यावर तंबाखूची खूण उमटते किंवा उमटत नाही. नेमक्या त्या दिवशी नानासाहेबांच्या मेहुण्याचा साखरपुडा निघाला. आणखी दहा जणांच्या घरी काही ना काही निघालं. ज्यांनी खोटं लिहिलं होतं ते पट्टीला घाबरून पळाले. भागूबाईला घाबरायचं कारण नव्हतं, म्हणून ती सापडली.

गुरुवारी सकाळी मॅडमनं तिला केबिनमध्ये बोलावलं. "बसा ना मावशी," म्हणाल्या, आणि एक पत्र पुढं सरकवलं. भागूबाईनं ते वाचलं. 'आपण खोटी माहिती दिल्याचे निष्पन्न झाले असून ते आपणांस मान्य आहे. यापुढे चोवीस तास, घरी, गावी व सणासुदीसही तंबाखूचा कोणताही प्रकार वापरणार नाही, अशी हमी आपण देत आहात.' खाली सहीची जागा.

"काही होणार नाही मावशी. नुसती सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

भागूबाई त्या एका शब्दावर अडून बसली होती. हमीबिमी नंतर. खोटी! तिच्या कानशिलाखाली ऊन ऊन झालं.

"मी काय खोटं लिव्हलं?"

"तंबाखू खाता का, याला तुम्ही नाही म्हटलंय. आणि पट्टीवर तर खूण आली."

"मी खात नाय. मिश्री लावते."

"तेच ते, मावशी."

"तेच ते नसतंय मॅडम. तुमच्या कागदात मिश्रीचं नाव दावा मला. मला ते इचारलंच नव्हतं. इचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यात काय चोरी हाय का?"

मॅडम गोंधळल्या. "सही नाही केली तर मला वर कळवावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "फायनल तपासणीवरच्या माणसाची फाइल स्वच्छ लागते. ठप्पा काढून घेतील हो. म्हणून म्हणते, करून टाका."

भागूबाईनं पत्राची घडी केली, पिशवीत घातली आणि कामावर गेली.

जेवणाच्या सुट्टीत ताहेरानं डबा उघडायच्या आधी पत्र वाचायला घेतलं. ताहेरा खुलताबादची. भागूबाईनं ठप्पा मारलेल्या खोक्यांना चिकटपट्टी मारायचं काम तिचं, आणि सात वर्षं दोघींचा डबा एकत्र. तिनं आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नव्हतं.

"सही नक्को करो भागूआक्का," ती म्हणाली. "ये लोगां आज तोंड में काय है पूछ रहे, कल चुल्हे पे काय चढा है पूछेंगे."

साखरपुडा उरकून आलेले नानासाहेब बाजूलाच बसले होते. "मारा की सही आन् व्हा मोकळ्या," ते म्हणाले. "कागदाला कुठं तोंड अस्तंय? मी बघा, तीन डाव नाय लिव्हलं. सुखात हाय."

"तुमच्या सहीवर गाडीचे ब्रेक लागत नायत नानासाहेब," भागूबाई म्हणाली.

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच काहीतरी उमगलं. हातातला घास तसाच राहिला. ताहेरानं विचारलं, काय झालं? भागूबाईनं हसून डबा झाकला.

दुपारी अडीच वाजता माल न्यायची गाडी गेटात येऊन उभी राहिली. चाळीस खोके तयार होते. सकाळपासून त्यातली एकेक रिंग भागूबाईच्या बोटांतून गेली होती. फक्त ठप्पा मारायचा राहिला होता. ब्रेकच्या मालाला दोघींचेच ठप्पे चालायचे, आणि दुसरी, सरिता, बाळंतपणाला माहेरी गेलेली. भागूबाईनं ठप्पा फडक्यानं स्वच्छ पुसला, शाईची गादी झाकली, दोन्ही नेऊन प्रेरणा मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"हे घ्या. ठिवून घ्या."

अर्ध्या तासानं शिवराज साहेब स्वतः आले. साहेब म्हणजे इथल्या कारखान्याचे मुख्य. पण माणूस इथल्याच मातीतला, गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. इंजिनीअर होऊन इस्त्रीचा शर्ट अंगात आला तरी बोलणं मोकळंच राहिलं होतं.

"मावशी, गाडी उभी आहे. आधी ठप्पा मारा, मग आपण निवांत बोलू."

"कसा मारू साहेब?" भागूबाईनं पत्र उलगडून त्यांच्यापुढं धरलं. "हे तुमच्या कंपनीचं पत्र. यात लिव्हलंय, ही बाई खोटं लिव्हते आन् खाली सही करते. आता त्या चाळीस खोक्यांवर बी मला तेच करायचंय. माल चांगला हाय म्हणायचं आन् ठप्पा मारायचा. खोटारडीचा ठप्पा तुम्हाला चालतोय?"

"अहो, ते वेगळं आणि हे वेगळं."

"बाई तर एकच हाय ना? एक तर हे पत्र खोटं, नायतर सतरा नंबर खोटा. सतरा नंबर खोटा असंल तर नऊ वर्षांचे खोके परत बोलवा. मी एकेक उघडून बघते. मला येळ हाय."

प्रेरणा मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. गेटातल्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. साहेबांना हसू येत होतं आणि ते आवरावंही लागत होतं.

"पण मावशी, तुम्ही मिश्री लावता म्हणजे शेवटी तंबाखूच ना..."

"काय म्हणलात?"

"मिश्री लावता म्हणजे..."

"लावता म्हणलात. खाता नाय म्हणलात."

शब्द तर गेला होता, आणि तो गेला होता साहेबांच्याच तोंडून.

"तुमच्या घरात कोण लावायचं साहेब?"

"आजी," ते म्हणाले.

"आन् कुणी तिला इचारलं असतं, म्हातारे, तंबाखू खातीस का?"

"काठी फेकून मारली असती तिनं." साहेबांनी हसू आवरायचं सोडून दिलं. मग फॉर्म मागवला, तीन प्रश्न वाचले, पुन्हा वाचले. "हे मराठीत कुणी केलं?"

"मी, सर," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"पोरीला बोलू नका साहेब," भागूबाई मधेच म्हणाली. "तिच्या घरी कुणी लावत नसंल. तिला काय म्हाईत?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि पत्रावर आडवं लिहिलं, 'पत्र मागे घेतले. माहिती खोटी नव्हती, प्रश्न अपुरा होता.' खाली सही केली. भागूबाईनं ते दोनदा वाचलं. मग स्वतःचा फॉर्म ओढला आणि तीन प्रश्नांखाली आपल्या हातानं एक ओळ घातली, 'मिश्री लावते. दोन वेळा. घरी.' त्याखाली पुन्हा तशीच ठसठशीत सही.

"मला काय लपवायचं नव्हतं," ती म्हणाली.

"आणि हमी?" साहेबांनी विचारलं. "चोवीस तासांची?"

तेव्हा भागूबाईनं करंगळी वर केली. साहेबांना वाटलं, हिला बाहेर जायचंय. तिनं मग सगळं सांगितलं, उलथन्याचं आणि बोट बदलल्याचं. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं साहेब. तुमचं काम मी माझ्या घरी नेलं ते माझ्या राजीनं. आता तुम्ही माझ्या घरात येताय ते कुणाच्या राजीनं? आठ तास तुमचे. त्यात माझ्या तोंडात कधी काय दिसलं असंल तर सांगा. बाकीचे माझे."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. नियम तर होताच. "वरचा हुकूम आहे मावशी," ते म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा पट्टी आहे. तेव्हा खूण निघाली तर मी तुम्हाला फायनलवर ठेवू शकणार नाही. माझ्या हातात नाही ते."

"तवाचं तवा बघू." तिनं ठप्पा उचलला. चाळीस खोक्यांवर चाळीस वेळा सतरा उमटला, आणि त्या दिवशीचा आवाज जरा जोरातच होता. पलीकडून नानासाहेब ओरडले, "कंपनीनं थुंकलेलं चाटलं रे!" आणि सगळं मोल्डिंग खातं खदाखदा हसलं.

इथवर झाली कंपनीची गोष्ट. घरची वेगळीच चालू होती.

भागूबाईची पोरगी अमृता घाटीच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी ती आईच्या मागं लागायची, "आई, आ कर ना. एकदा बघू दे." आणि भागूबाई दर रविवारी म्हणायची, "माझं तोंड काय तुझी ओपीडी हाय का?" पोरगी कधी मिश्री सोड म्हणाली नाही. विचारायची आणि गप्प बसायची. डिसेंबरातल्या एका सकाळी ती घाईत ड्यूटीला गेली आणि पुस्तक खाटेवर उघडंच राहिलं. राहिलं की ठेवलं, देव जाणे. पानावर माणसाच्या गालाच्या आतलं चित्र होतं, आणि त्यात पांढरा डाग, तंबाखूनं पडतो तसला.

भागूबाईनं चित्र बघितलं, पुस्तक मिटलं आणि भांडी घासायला घेतली. निम्मी भांडी झाली आणि ती उठली. हात साबणानं धुतले. भिंतीवरचा आरसा काढून दारात उजेडाला नेला, गाल ताणला, आणि आत बोट फिरवलं. रिंगेवर फिरायचं तेच बोट. उजव्या दाढेजवळ ते अडखळलं. एवढंसं होतं, जरासं खरखरीत. डोळ्याला दिसलंही नसतं, पण बोटाला कळलं.

नऊ वर्षं तिनं दुसऱ्याच्या मालातली खोट काढली होती. स्वतःचा नग एकदाही उजेडात धरला नव्हता. रिंग असती तर दुसरा विचार न करता लाल डब्यात गेली असती. भागूबाई दारात आरसा घेऊन किती वेळ बसली कोण जाणे. तिला भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त वाटली.

मिश्रीची डबी तिनं मोरीत रिकामी केली, घासली, वाळवली आणि तिच्यात सुया आणि बटणं ठेवली. कुणाला बोलली नाही. पोरीलासुद्धा नाही. सुटलीच नाही तर उगीच तोंडघशी कशाला पडा? पुढचे दीड-दोन महिने तिचे तिलाच माहीत. डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ होईना, बडीशेप आणि ओवा चघळून जीभ सोलून निघाली. पुंडलिकवर ती इतकी खेकसायची, की तो बापडा मार्केटात तासभर लवकर जायला लागला. करंगळी आपोआप तोंडाकडं जायची आणि ती तिला पदरात गुंडाळून ठेवायची. पण आठ-आठ दिवसांनी ती आरशासमोर बोट फिरवायची, आणि दाढेजवळचं ते खरखरीत जरा जरा कमी लागायचं. एक दिवस बोट अडखळायचंच विसरलं. त्या दिवशी तिनं एकटीनं चहा करून घेतला, साखर जास्त घालून.

एप्रिलात सहा महिने भरले. पत्र्याखाली जीव नकोसा होत होता, आणि प्रेरणा मॅडम पंख्याजवळ टेबल मांडून बसल्या होत्या. भागूबाईला बघून त्या खुलल्या.

"मावशी, हे बघा! तुमचा शब्द घातलाय." नव्या फॉर्मवर चौथा प्रश्न होता, मिश्री लावता का?

भागूबाईनं वाचला. "झ्याक केलंत मॅडम," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

"आणि मला कळलंय बरं का," मॅडम आवाज बारीक करून म्हणाल्या. "तुम्ही सोडलीत ना? दातांवरून दिसतंय. आता दोन मिनिटांचं काम. ही पट्टी धरा, इथं नाही लिहा, झालं. तुमचा फोटो लावायचाय आम्हाला, गेटातल्या बोर्डावर. तंबाखूमुक्त कामगार म्हणून पहिला तुमचा!"

पट्टी टेबलावर होती. जिभेखाली धरली असती तर कोरी निघाली असती. ठप्पा राहिला असता, मान मिळाला असता, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. भागूबाईनं हात पुढं केला आणि गेटातला बोर्ड तिच्या डोळ्यांपुढं आला. त्यावर आपला फोटो, आणि खाली कंपनीचं नाव. ते दोन महिने, ती ठणक, दारातला तो आरसा, सगळं त्या नावाखाली. तिनं हात मागं घेतला.

"नाय."

"काय नाही?"

"पट्टी बी नाय आन् फॉर्म बी नाय."

"अहो, पण तुम्ही सोडलीय!"

"मी काय सोडलं आन् काय धरलं, ते मी तुम्हाला सांगितलंय का?" आणि मग मॅडमचा पडलेला चेहरा बघून ती जरा मऊ झाली. "कागदावर आलं की ते तुमचं हुतं, मॅडम. तुम्ही सांगितलं म्हणून भागूबाई सुधारली, असं हुतं. हे माझं हाय. लई जड गेलंय मला ते."

"ठप्पा जाईल मावशी."

भागूबाईला ठप्प्याची माया नव्हती असं कसं म्हणू? नऊची साडेनऊ वर्षं झाली होती आता. पण तिनं एप्रनच्या खिशातून ठप्पा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला, पट्टीच्या शेजारी.

शिवराज साहेबांना बोलावणं गेलं. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि वही पुढं घेतली. एका रकान्यात नावं, दुसऱ्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. सगळी पॅकिंगची रांग बघत होती. ताहेरा हातातली चिकटपट्टी धरून तशीच उभी होती. साहेबांनी एकदा भागूबाईच्या दातांकडं बघितलं. आजीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

"मावशी," ते हळू म्हणाले, "पट्टी राहू द्या. नुसतं तोंडानं सांगा. तुमच्या शब्दावर मी नाही असं लिहितो. तुमचा शब्द मला पुरे आहे."

भागूबाईला भरून आलं. साहेबानं आपला शब्द पट्टीच्या वर ठेवला, भर खात्यात, सगळ्यांच्या देखत. तरी ती म्हणाली, "तुम्ही हितं माझ्या जागी तुमच्या आजीला उभं करा साहेब. आन् मग इचारा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. भागूबाईच्या नावासमोर लिहिलं, आणि वही तिच्याकडं फिरवली, तिला वाचता यावं म्हणून. 'आहे' नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. लिहिलं होतं, 'विचारले नाही.'

भागूबाईनं ते एकेक अक्षर वाचलं. हे तिचंच वाक्य होतं, केबिनमधलं, ती ओळखणार नाही का?

"साहेब," रांगेतून नानासाहेब मान लांब करून म्हणाले, "मला बी नका इचारू!"

हशा झाला. साहेबही हसले. त्यांनी खालची सगळी नावं एकदा नजरेखालून घातली आणि वही मिटली. "वर काय सांगायचं ते मी बघतो," ते प्रेरणा मॅडमना म्हणाले, आणि ठप्पा उचलून भागूबाईच्या हातात दिला.

"मावशी, गाडी उभी आहे."

त्या संध्याकाळी रिक्षातून मुकुंदवाडी स्टेशनापाशी उतरून भागूबाई चालत घरी आली तेव्हा अजून ऊन होतं. अमृता नुकतीच घाटीतून आली होती, दारात बसून बुटांच्या लेस सोडत होती. रविवार नव्हता, त्यामुळं तिनं काही विचारलं नाही.

भागूबाईनं पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, आणि येऊन पोरीच्या समोर पायरीवर बसली.

"अमे, मोबाइलची बॅटरी लाव."

"कशाला?"

"दोन वर्षं इचारती ना? बघ."

अमृतानं आधी आईच्या तोंडाकडं बघितलं, मग खुंटीखालच्या फळीवरच्या डबीकडं. डबीचं झाकण अर्धवट होतं आणि आतून एक पांढरं बटण दिसत होतं. तिनं मोबाइलची बॅटरी लावली. भागूबाईनं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि मोठा आ केला.